हृत्तालाची साक्ष : नाडीपरीक्षेपासून मनगटी यंत्रापर्यंत

१

रोग बरा झाला हे कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. ताप उतरला, जखम भरून आली, मोडलेले हाड सांधले, म्हणजे रोगी बरा झाला हे घरातल्या माणसांसही कळते. त्यासाठी पुराव्याची चिकित्सा करावी लागत नाही. परंतु काही विकार असे आहेत की ते येतात आणि जातात. कित्येकदा रोग्याला न जाणवता येतात आणि न जाणवताच जातात. अशा विकाराविषयी 'तो गेला' हे विधान करावयाचे, तर कोणी पाहिले, किती काळ पाहिले आणि कोणत्या साधनाने पाहिले, हे सांगितल्यावाचून त्या विधानाला अर्थ राहत नाही. म्हणजे येथे प्रश्न साक्षीचा व साधनांचा होतो, आणि तो इतिहासाच्या अभ्यासकाच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

हृदयाच्या तालातील बिघाड हा अशा विकारांचा नमुना होय. त्यातही दीर्घकाळ टिकणाऱ्या बिघाडांत सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे अलिंद-कंपन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. या विकारात अलिंदांचे सुसूत्र आकुंचन नाहीसे होते आणि मिनिटास तीनशेहून अधिक विस्कळीत विद्युत्-लहरी त्यांत फिरू लागतात. त्यांपैकी काहीच खाली निलयांपर्यंत पोहोचतात व त्याही अनियमितपणे; म्हणून नाडी वाटेल तशी चालते. नीट आकुंचन न पावणाऱ्या अलिंदात रक्त साकळण्याचा आणि ती गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. या विकारावर हल्ली जो उपचार मोठ्या प्रमाणावर केला जातो त्यास ॲब्लेशन म्हणतात. जांघेतील शिरेतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत न्यावयाची आणि विकृत लहरी जेथून उठतात अथवा ज्या वाटेने जातात तेथील थोडासा भाग उष्णतेने, शीताने किंवा अलीकडे विद्युत्-स्पंदांनी निकामी करावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे.

हृत्तालाचे निरीक्षण करण्याचे साधन ज्या ज्या वेळी बदलले, त्या त्या वेळी 'बरे होणे' या शब्दांचा अर्थही बदलला, आणि मनगटावर बांधावयाच्या यंत्रांमुळे तो आज पुन्हा बदलत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. ॲब्लेशन करून घरी परतलेला मनुष्य मध्यरात्री जागा होतो, छातीत धडधडल्याचा त्याला भास होतो आणि तो मनगटाकडे पाहतो. त्या क्षणी त्याच्या मनात जो प्रश्न असतो, त्याचाच हा इतिहास आहे.

२

नाडीवरून प्रकृती जाणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तथापि समजले जाते तितकी ती आद्य नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन आढळत नाही. ते प्रथम सुस्पष्टपणे येते ते शार्ङ्गधरसंहितेत, आणि हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानला जातो. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीला शार्ङ्गधर 'जीवसाक्षिणी' म्हणतो. हा शब्द मननीय आहे. धमनी रोगाचे कारण नव्हे व उपचाराचे स्थानही नव्हे. ती साक्षीदार होय, आणि साक्ष घेणारा वैद्य होय.

ही साक्ष कोणत्या भाषेत नोंदविली जात असे? वातप्रकोपात नाडी जळू व सर्प यांच्याप्रमाणे, पित्तप्रकोपात कावळा व बेडूक यांच्याप्रमाणे आणि कफप्रकोपात हंस व पारवा यांच्याप्रमाणे चालते, असे तेथे सांगितले आहे. थांबून थांबून चालणारी नाडी प्राणनाशक मानली आहे. ही सर्व वर्णने गतीची आहेत, गणनेची नाहीत. त्यांवरून शार्ङ्गधराला अलिंद-कंपन ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक होईल. कारण जो विकार अलिंदाच्या विद्युत्-क्रियेवरून ओळखावयाचा, त्याचे ज्ञान बोटाच्या स्पर्शातून होणे शक्य नव्हते. परंतु तालाचा भंग आणि जीवाचा धोका यांचा संबंध त्याच्या ध्यानात आला होता, एवढे निश्चित म्हणता येते. मराठीत 'एखाद्याची नाडी ओळखणे' म्हणजे त्याच्या अंतरंगाचा ठाव घेणे. तो वाक्प्रचारही याच विश्वासातून रूढ झाला असावा.

युरोपात नाडीच्या ज्ञानाने निराळे वळण घेतले. पादुआ येथील सँटोरिओ याने सतराव्या शतकाच्या आरंभी लंबकाच्या साहाय्याने नाडीची गती मोजण्याचे साधन योजिले. पुढे इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर या वैद्याने नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले व १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गतीची जागा गणनेने घेतली. लाभ स्पष्ट होता: एका वैद्याने मोजलेला आकडा दुसऱ्यास पडताळून पाहता येऊ लागला. हानी मात्र सहजी दिसत नाही. आकडा वेग सांगतो, ताल सांगत नाही. मिनिटास ऐंशी ठोके नियमितपणे पडले काय किंवा अस्ताव्यस्त पडले काय, बेरीज तीच येते.

या काळात बरे होण्याची कसोटी रोग्याच्या शरीरावर उघड दिसणारी होती. विल्यम विदरिंग याने १७८५ मध्ये डिजिटालिस या वनस्पतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात भर आहे तो जलोदर व अंगावरील सूज उतरण्यावर. सूज उतरली, दम कमी झाला, मनुष्य उठून कामाला लागला, म्हणजे तो बरा झाला. हृदयाचा ताल पूर्ववत् झाला की नाही, हा प्रश्न विचारण्याचे साधनच नव्हते. म्हणून तो विचारला गेला नाही.

३

एकोणिसाव्या शतकात नाडी कागदावर आली. फ्रान्समधील एतियेन-ज्यूल मारे याने १८६० मध्ये मनगटावर बसवावयाचे नाडीलेखक यंत्र सिद्ध केले. बोट उचलताच जी संवेदना नाहीशी होत असे, ती आता रेषेच्या रूपाने मागे राहू लागली. साक्ष तोंडी होती ती लेखी झाली.

या लेखनाचा खरा उपयोग करून घेतला तो इंग्लंडातील बर्न्ली या गिरणगावात वैद्यकी करणाऱ्या जेम्स मॅकेन्झी याने. मानेतील शिरेची व मनगटातील धमनीची स्पंदने एकाच वेळी नोंदविणारे यंत्र त्याने तयार केले आणि तेच तेच रुग्ण वर्षानुवर्षे तपासले. एका रुग्ण स्त्रीची नाडी पुढे अनियमित झाली, तेव्हा शिरेच्या आलेखातील अलिंदाच्या आकुंचनाची लाट नाहीशी झाल्याचे त्याला दिसले. अलिंद लुळे पडले असावे, असा त्याने तर्क केला. स्पष्टीकरण पुढे बदलले, निरीक्षण टिकले. एखादी खूण आलेखात नसणे हीही साक्ष असते, हे त्याने दाखवून दिले.

त्याच सुमारास हृदयाच्या विद्युत्-क्रियेचा मागोवा सुरू झाला होता. ऑगस्टस वॉलर याने १८८७ मध्ये लंडन येथे, छाती न उघडता, माणसाच्या हृदयातील विद्युत्-बदल प्रथम नोंदविले. रुग्णालयात याचा फारसा उपयोग होईल असे खुद्द वॉलरला वाटत नव्हते. लायडन येथील विलेम आइंटहोवेन याने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तंतु-गॅल्व्हॅनोमीटर सिद्ध करून त्या नोंदीला नेमकेपणा आणला. ते यंत्र सुमारे २७० किलोग्रॅम वजनाचे होते व ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावयाचे असे. यंत्र हलविणे अशक्य असल्याने १९०५ मध्ये आइंटहोवेनने रुग्णालय व प्रयोगशाळा यांमधील सुमारे दीड किलोमीटर अंतर टेलिफोनच्या तारेने जोडले. रुग्ण एकीकडे व त्याच्या हृदयाचा लेख दुसरीकडे, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. त्यास १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या साधनाच्या बळावर लंडनमध्ये थॉमस लुईस याने, आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, १९०९ मध्ये असे दाखविले की, वैद्यांच्या परिचयाची ती सर्वस्वी अनियमित नाडी अलिंदांच्या कंपनामुळे उत्पन्न होते. रोगाला नाव मिळाले. त्याबरोबरच रोगाचे स्थान बोटाखालून उठून लेखात गेले. येथून पुढे रोगी काय म्हणतो यापेक्षा लेख काय म्हणतो यास अधिक वजन आले.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला या ठिकाणी एका समांतर घटनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि बखरीपेक्षा अस्सल कागदाचे प्रामाण्य मोठे, हा विचार आपल्याकडे रुजला. रोग्याने सांगितलेली हकीकत ही बखर आणि यंत्राचा लेख हा अस्सल कागद, असे म्हटले तर वैद्यकातील हे स्थित्यंतर नीट ध्यानात येते. परंतु अस्सल कागदालाही एक मर्यादा असते, ती ही की, तो ज्या दिवसाचा असेल त्याच दिवसाविषयी बोलतो.

४

नेमकी हीच मर्यादा अमेरिकेतील माँटाना राज्यातील हेलेना या गावच्या नॉर्मन होल्टर याला जाणवली. होल्टर (१९१४–१९८३) हा वैद्य नव्हता. भौतिकी व रसायन हे त्याचे विषय होते. मनुष्याला पलंगावर निजवून काही सेकंदांचा लेख घेणे म्हणजे त्याच्या हृदयाच्या दिवसभरातील सुमारे एक लाख ठोक्यांपैकी मूठभर पाहणे होय, असा त्याचा मुद्दा होता. मनुष्य चालतो, कष्ट करतो, रागावतो, झोपतो; हृदय पाहावयाचे तर या सर्व स्थितींत पाहिले पाहिजे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पाठीवर वाहून नेण्याचे जे नभोवाणी-प्रेषक यंत्र तयार केले त्याचे वजन ८५ पौंड, म्हणजे सुमारे ३८ किलोग्रॅम, होते. पुढे ट्रान्झिस्टर व चुंबकीय फीत यांच्या साहाय्याने ते लहान झाले, आणि १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याने आपली पद्धती मांडली. नोंद दीर्घकाळ घ्यावयाची आणि नंतर ती कित्येक पट वेगाने वाचावयाची, हे तिचे मर्म होते.

होल्टरच्या पद्धतीने एक नवी अडचण पुढे आणली. दिवसभराची नोंद घेतली की निरोगी माणसांतही अधूनमधून आगंतुक ठोके सापडू लागले. म्हणजे 'नियमित ताल' ही जी कल्पना काही सेकंदांच्या लेखावर उभी होती, तीच सैल झाली. साधने वाढली म्हणजे निर्णय सोपा होतो असे नाही; पुष्कळदा आजवर न सुचलेले प्रश्न उभे राहतात.

५

आता उपचाराकडे वळू. तालातील बिघाड औषधाने आवरावयाचा, एवढेच प्रदीर्घ काळ शक्य होते. तो मुळातून तोडता येतो हे प्रथम दिसले ते एका जन्मजात दोषाच्या बाबतीत. काही माणसांच्या हृदयात अलिंद व निलय यांना जोडणारी एक अधिक विद्युत्-वाट असते. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी १९३० मध्ये तिच्या लक्षणांचे वर्णन केले होते. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदाने छाती उघडून ती वाट छेदली व रुग्ण त्या विकारातून मुक्त झाला.

छाती न उघडता हेच कार्य करण्याची वाट मात्र अपघाताने सापडली. १९७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यांनी असे नमूद केले की, हृदयात कॅथेटर असताना बाहेरून दिलेला विद्युत्-झटका त्या कॅथेटरमधून गेला आणि अलिंद-निलयांमधील वहन कायमचे बंद पडले. जो अपघात होता, तो उपचार होऊ शकेल हे इतरांनी ओळखले. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील मेल्विन शाइनमन आणि ड्यूक विद्यापीठातील जॉन गॅलघर यांच्या गटांनी कॅथेटरमधून हेतुपुरस्सर झटका देऊन ते वहन तोडल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले. उपाय कठोर होता. रुग्णास त्यानंतर कृत्रिम गतिकारक यंत्रावर अवलंबून राहावे लागे. पुढे झटक्याची जागा उच्च वारंवारतेच्या विद्युत्-प्रवाहाने निर्माण केलेल्या मर्यादित उष्णतेने घेतली. १९९१ मध्ये वॉरेन जॅकमन यांच्या गटाने १६६ रुग्णांपैकी १६४ जणांतील ती अधिक वाट या रीतीने बंद केल्याचे नमूद केले.

येथे साक्षीचा प्रश्न सोपा होता. ती वाट असली की विद्युत्-लेखात तिची विशिष्ट खूण दिसे. वाट बंद होताच ती खूण मेजावर, वैद्याच्या डोळ्यांदेखत, नाहीशी होई. उपचार, निदान व पुरावा हे तिन्ही एका क्षणी एकत्र येत. ॲब्लेशनविषयी जो विश्वास निर्माण झाला तो पुष्कळसा या अनुभवातून आलेला आहे.

अलिंद-कंपनाचे तसे नव्हते. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आइसागेर व त्यांचे सहकारी यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनाला चालना देणारी ६९ उगमस्थाने त्यांनी शोधली. त्यांपैकी ६५, म्हणजे शेकडा ९४, फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या आत होती. या शिरांची मुखे अलिंदापासून विद्युत्-दृष्ट्या अलग करावयाची, हा उपचाराचा पाया त्यातून घातला गेला. साधने पुष्कळ बदलली. शीतफुगा आला, आणि २०२३ च्या डिसेंबरात स्पंदित विद्युत्-क्षेत्राच्या पहिल्या साधनाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण लक्ष्य तेच राहिले. तथापि शिरा अलग झाल्या हे मेजावर सिद्ध करता येते, कंपन पुन्हा येणार नाही हे मेजावर सिद्ध करता येत नाही. कारण बहुतेक रुग्णांत ते मुळातच येऊन-जाऊन असते. येथे पुराव्यासाठी काळ लागतो. आणि किती काळ, किती वेळा पाहावयाचे, हे माणसांनी ठरवावे लागते.

६

ते ठरविले गेले. तज्ज्ञांच्या २००७ च्या संयुक्त निवेदनापासून असा संकेत रूढ झाला की, उपचारानंतर अलिंद-कंपनाचा अथवा तत्सम द्रुततालाचा तीस सेकंद वा त्याहून अधिक टिकलेला एक जरी प्रसंग नोंदला गेला, तरी विकार परतला असे मानावयाचे. तीस सेकंद हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो सोयीने व सहमतीने ठरविलेला आहे. दुसरा संकेत असा की, उपचारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील प्रसंग मोजावयाचे नाहीत. निकामी केलेल्या भागाभोवती दाह असतो, व्रण भरत असतो, आणि त्या काळातील तालभंग पुष्कळदा आपोआप शमतो. हा वगळावयाचा काळ दीर्घकाळपर्यंत तीन महिन्यांचा मानला जात होता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निवेदनाने तो आठ आठवड्यांवर आणला. त्या निवेदनाने काही रोग्यांच्या हृदयात फरक पडला नाही. परंतु नवव्या आठवड्यात ज्याला कंपन आले, त्याचा प्रसंग पूर्वी मोजला जात नसे आणि आता मोजला जातो.

साधनाने निष्कर्ष कसा बदलतो याची दोन उदाहरणे देणे इष्ट होईल. १९९० च्या दशकात छातीच्या त्वचेखाली बसवावयाचा लहान नोंदयंत्राचा प्रकार प्रचारात आला; तो अखंड पहारा ठेवतो. त्याच्या साहाय्याने ५० रुग्णांचा जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की, ॲब्लेशनपूर्वी न जाणवणारे प्रसंग हे जाणवणाऱ्या प्रसंगांच्या १·१ पट होते, ते उपचारानंतर ३·७ पट झाले. म्हणजे 'मला आता काही होत नाही' असे रोगी प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हाही कंपन मुकाट्याने चालू असू शकते. बखरीवर विसंबू नये, याचा हा सबळ पुरावा होय.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात ३४६ रुग्णांवर असाच अखंड पहारा ठेवला होता. वर्षअखेर, तीस सेकंदांच्या कसोटीने, सुमारे निम्मेच रुग्ण विकारमुक्त ठरले. परंतु त्याच रुग्णांत कंपनात जाणारा एकूण काळ शेकडा ९८ हून अधिक घटला होता. एका कसोटीने उपचार निम्मा फसला, दुसरीने तो जवळजवळ पूर्ण यशस्वी झाला. आणि दोन्ही निष्कर्ष एकाच अस्सल कागदावरून निघाले! यामुळेच अलीकडे 'प्रसंग आला की नाही' यापेक्षा 'कंपनात किती काळ गेला', म्हणजे विकाराचा भार, मोजण्याकडे कल झुकला आहे.

रोग्याला वाटणारा आराम हा केवळ उपचार झाल्याच्या समाधानाचा परिणाम असावा, अशीही शंका घेतली जात असे. २०२४ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात १२६ रुग्णांपैकी काहींवर खरे ॲब्लेशन व काहींवर केवळ त्याचा देखावा करण्यात आला. सहा महिन्यांनी कंपनाचा भार पहिल्या गटात सुमारे शेकडा ६० अंशांनी व दुसऱ्यात सुमारे ३५ अंशांनी कमी झालेला आढळला, आणि जीवनमानातील सुधारणाही पहिल्या गटात स्पष्टपणे अधिक होती. रोग्याची साक्ष अपुरी असेल. ती खोटी नव्हती.

७

या वादाच्या ऐन मध्यावर मनगटी यंत्र अवतरले. त्याची दोन अंगे असून त्यांची कुळे भिन्न आहेत. पहिले अंग प्रकाशाचे. त्वचेवर टाकलेल्या प्रकाशाचा किती अंश परत येतो यावरून तिच्यातील रक्ताचे भरणे व ओसरणे कळते. अमेरिकेतील ॲलरिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात या तत्त्वाचा पाया घातला. घड्याळाच्या पाठीवरील हिरवे दिवे हेच कार्य करतात. ते हृदयाची विद्युत्-क्रिया पाहत नाहीत, नाडीच पाहतात. म्हणजे हे अंग मारेच्या नाडीलेखकाच्या कुळातील आहे. दुसरे अंग विद्युत्-लेखाचे. घड्याळ डाव्या मनगटावर बांधून उजव्या हाताचे बोट त्याच्या कडेला टेकविले की, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचा विद्युत्-फरक नोंदला जातो. आइंटहोवेनच्या दोन हातांच्या दोन भांड्यांतून मिळणारा जो पहिला लेख, तोच हा होय. २७० किलोग्रॅमचे यंत्र आता मनगटावर मावते, आणि नोंद तीस सेकंदांची असते.

अशा प्रकारचे टेलिफोनला जोडावयाचे साधन अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले; अॅपल कंपनीच्या घड्याळातील विद्युत्-लेखाला तशी मान्यता २०१८ मध्ये मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्याच घड्याळाच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ लोक सहभागी होते. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे शेकडा ०·५२ लोकांना, नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. ज्या ४५० जणांनी नंतर छातीवर चिकटवावयाची नोंदपट्टी वापरून परत पाठविली, त्यांतील शेकडा ३४ जणांत अलिंद-कंपन सापडले. परंतु हा अभ्यास ज्यांना हा विकार असल्याचे ठाऊक नव्हते अशांचा होता, हे विसरता कामा नये. ॲब्लेशन झालेल्या माणसाचा प्रश्न निराळा असतो. त्याला विकार आहे की नाही हे जाणावयाचे नसते. तो किती उरला आहे हे जाणावयाचे असते.

त्यासाठीची निराळी योजना २०२२ मध्ये मान्य झाली. घड्याळ पुरेसा काळ बांधले असेल, तर ती मागील आठवड्यात कंपनात गेलेल्या काळाचा शेकडेवारीने अंदाज देते. या अंदाजात शून्य हा आकडाच नाही; किमान उत्तर 'शेकडा दोन किंवा त्याहून कमी' एवढेच येते. यंत्र बनविणाऱ्यांनी येथे जी सावधगिरी दाखविली आहे ती इतिहासकाराने घेण्यासारखी आहे. काही आढळले नाही आणि काही नव्हते, या दोन विधानांतील अंतर त्यांनी राखले. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲब्लेशनच्या साधनांचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासांत हा अंदाज दुय्यम पुरावा म्हणून वापरण्यास संमती दिली. मनगट पुन्हा साक्षीला उभे राहिले. भेद इतकाच की, पूर्वी साक्ष वैद्य घेत असे. आता ती प्रथम रोगी घेतो.

या भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. फुप्फुसांच्या शिरांच्या मुखांशी मज्जातंतूंच्या ज्या लहान गाठी असतात, त्यांना ॲब्लेशनमध्ये इजा पोहोचते. म्हणून विश्रांतीतील हृदयाचा वेग उपचारानंतर काही महिने पूर्वीपेक्षा काहीसा अधिक राहतो. वैद्याला हे अपेक्षित असते. घड्याळातील वाढलेला आकडा पाहणाऱ्या रोग्याला ते अरिष्ट वाटते. अलिंद-कंपनाच्या १७२ रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात, जो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, अशी यंत्रे वापरणारे रुग्ण आपल्या लक्षणांत अधिक गुंतलेले व वैद्यकीय सेवेकडे अधिक वळणारे आढळले. यंत्रामुळे चिंता वाढते की चिंता असलेले लोक यंत्र घेतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण पहारा ठेवणे हेही एक ओझे आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उलट पक्षी, घड्याळाला ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यांतील काही अत्यंत महत्त्वाच्या आहेत. उष्णतेच्या ॲब्लेशननंतर पहिल्या सुमारे दोन महिन्यांत, क्वचित् का होईना, अलिंद व अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र पडू शकते. ताप येणे, गिळताना दुखणे, छातीत कळ येणे, बोलण्यात वा हालचालीत एकाएकी फरक पडणे ही त्याची लक्षणे असून त्यात तत्काळ धाव घेतली नाही तर प्राण वाचणे कठीण होते. अशा वेळी मनगटावरील ताल पूर्ण नियमित असू शकतो. तसेच रक्त पातळ ठेवण्याचे औषध उपचारानंतर किमान दोन ते तीन महिने घ्यावे लागते, आणि पुढे ते चालू ठेवावे की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून वैद्य ठरवितो. घड्याळ शांत आहे म्हणून ते बंद करावयाचे नसते.

८

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा. विदरिंगच्या काळी सूज उतरली की रोगी बरा झाला. आइंटहोवेननंतर लेख सुधारला की बरा झाला. होल्टरनंतर दिवसभराचा लेख स्वच्छ असला की बरा झाला. अखंड नोंदीच्या युगात तीस सेकंदांचा एकही प्रसंग नसला तरच बरा झाला. प्रत्येक पायरीवर पुरावा अधिक दाट झाला, आणि त्याबरोबर पूर्ण बरे होणे अधिकाधिक दुर्मिळ झाले. याचा अर्थ रोगी अधिक आजारी झाले असा नव्हे. साक्ष अधिक बोलकी झाली एवढाच होय. विकाराच्या भाराचे मापन ही या कोंडीतून निघालेली वाट आहे. 'विकार गेला का?' या प्रश्नाऐवजी 'किती कमी झाला, आणि त्यामुळे या माणसाच्या जगण्यात काय फरक पडला?' असा प्रश्न ती विचारते.

या प्रश्नाचा पूर्वार्ध यंत्राने सोडवावयाचा आहे. उत्तरार्ध रोग्यावाचून कोणास सोडविता येणार नाही. आपल्याकडील इतिहाससंशोधनातही बखर सर्वस्वी टाकाऊ ठरली नाही. अस्सल कागदाने तिचे सन व स्थळे दुरुस्त केली. पण त्या काळच्या माणसांना काय वाटले हे जाणण्यासाठी तिच्याकडे जावेच लागते. मनगटावरील नोंद व मुखातील हकीकत यांचे नातेही असेच आहे. नोंद हकीकतीला दुरुस्त करते, हकीकत नोंदीला अर्थ देते. मध्यरात्री मनगटाकडे पाहणाऱ्या त्या माणसाने सकाळी वैद्याकडे जाताना दोन्ही बरोबर न्यावी: घड्याळाने टिपलेला लेख, आणि त्या वेळी आपल्याला काय झाले, आपण काय करीत होतो, हे आपल्या शब्दांत. जीवसाक्षिणी मनगटात आहे हे शार्ङ्गधराने सांगितले. पण साक्ष कोठलीही असो, ती उलटतपासणीवाचून ग्राह्य धरू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम येथेही लागू पडतो.